पांढरे घोडे आणि एक खिडकी

बुद्धिबळाच्या संचात बत्तीस मोहरे असतात. त्यातले अठ्ठावीस लेथवर कातून होतात, कारण प्यादं, हत्ती, उंट, वजीर आणि राजा हे सगळे मुळात गोल आहेत. उरतात चार घोडे. घोड्याला नाक असतं, कान असतात, मान एका बाजूला वळलेली असते, म्हणून तो लेथवर होत नाही, हातानं कोरावा लागतो. एवढ्या एका भौमितिक अडचणीवर माझ्या मामानं आपलं सगळं मोठेपण उभं केलं होतं.

मामाच्या कारखान्यात बुद्धिबळाचे संच बनतात. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन लेथ, एक धूळ ओढणारा पंखा, मामीचं चिकटकामाचं टेबल आणि उत्तरेकडे एक मोठी खिडकी. खिडकीशी मामाचं कोरायचं टेबल. पदवी झाल्यावर पुढचं काही ठरेपर्यंत मी तिथे मोहऱ्यांची वजनं आणि मापं तपासायला जाऊ लागले. मामा मला शास्त्रज्ञ म्हणायचा. आदरानं नाही.

"शास्त्रज्ञ, घोडा मोजायचा नसतो, बघायचा असतो," तो म्हणायचा, आणि मी मोजलेला घोडा माझ्या हातातून काढून घ्यायचा. त्याच्या एका संचातल्या दोन पांढऱ्या घोड्यांत चार ग्रॅमचा फरक निघे. बाकीच्या अठ्ठावीस मोहऱ्यांच्या जोड्यांतला सगळा फरक मिळूनही तेवढा भरत नसे. ते अठ्ठावीस कातारीकाका करायचे.

कातारीकाकांचा लेथ खोलीच्या आतल्या कोपऱ्यात होता, जुन्या ट्यूबलाइटखाली. बावीस वर्षं तिथेच. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर गेलं. मामाचं म्हणणं, लक्ष नव्हतं. मी दुसऱ्या आठवड्यात त्या कोपऱ्यात उभी राहिले आणि मला दिसलं की लक्षाचा काही संबंध नाही.

ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंद होते. लेथ मिनिटाला पंधराशे फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस, म्हणजे दोन उजेडांच्या मध्ये बरोबर पाव फेरा. चौकोनी लाकूड धरणाऱ्या चकला जबडे चार. प्रत्येक उजेडात एका जबड्याच्या जागी पुढचा जबडा आलेला असतो, आणि डोळ्याला चक थांबलेला दिसतो. धुळीच्या पंख्याच्या घरघरीत मोटर ऐकू येत नाही. थांबलेल्या वस्तूला माणूस हात लावतो.

मी हे मामाला कागदावर आकृती काढून समजावलं. त्यानं आकृती उलटी धरली.

"मग तुझं म्हणणं काय?"

"लेथ खिडकीशी न्या. दिवसाउजेडी हा प्रश्नच नाही."

"आणि मी घोड्याचे डोळे अंधारात कोरू? त्याला सांग, बंद केल्यावर दहापर्यंत मोजायचं, मग हात लावायचा. साधी गोष्ट. शिस्त पाहिजे."

मी माझ्याकडचा टेबलदिवा आणून लेथवर लावला. त्याचा उजेड लुकलुकत नव्हता. दोन दिवसांनी तो मामाच्या टेबलावर होता. नाकपुड्यांना कामाला येतो म्हणे.

कातारीकाका दहापर्यंत मोजायचे. ओठ हलवून, प्रत्येक मोहऱ्याला. एका संचात अठ्ठावीस वेळा.

आता त्या खिडकीबद्दलची मामाची ख्याती. आमच्याकडे रीत अशी की नवा संच खोक्यात जाण्याआधी त्यावर एक डाव खेळायचाच. मोहरा पटावर डुलतो का, बुडाला चिकटवलेली बनात, म्हणजे हिरवं लोकरी कापड, अडकते का, हे खेळल्याशिवाय कळत नाही. याला पहिला डाव म्हणायचं. पांढरे मोहरे नेहमी मामाकडे, कारण पांढऱ्या लाकडावर कोरीवकाम उठून दिसतं. डाव वहीत लिहायचा आणि हरणाऱ्यानं शेरा लिहून सही करायची. सुरुवात करताना मामा दर वेळी एकच वाक्य बोलायचा: "मला हरवेल त्याला ही खिडकी."

समोर कोण असायचं? पाण्याचे जार आणणारा माणूस, ज्याची गाडी बाहेर चालूच असे. कुरिअरवाला. मी, जिला नियमांपलीकडे फारसं येत नाही. आणि मामी. मामी पुढच्या संचाला बनात चिकटवून खेळायला बसायची. सरस वाळायला अकरा मिनिटं लागतात, ती दहाव्या मिनिटाला हरायची.

"मुद्दाम हरतेस?" मी विचारलं.

"मुद्दाम काय त्यात? जिंकले तर तो कारण सांगत बसेल. सरस वाळून जाईल."

अशा लोकांना हरवून मामा स्वतःला आक्रमक खेळाडू समजू लागला होता. त्याचं आक्रमण म्हणजे दोन घोडे. एक उडी, दुसरी उडी, तिसरी उडी, मग त्याच घोड्याची चौथी. मागे उंट, हत्ती, वजीर सगळे लग्नाला आलेल्या पण जेवायला न बोलावलेल्या नातेवाइकांसारखे उभे. मी वही काढून मागचे एकशे चाळीस डाव मोजले. मामाच्या पहिल्या दहा चालींपैकी सरासरी सात घोड्यांच्या होत्या. पहिल्या दहात त्याचा उंट हलला असे डाव एकोणीस. त्यातल्या सहा वेळा उंट धक्का लागून पडला होता आणि परत ठेवताना चुकीच्या घरात गेला होता. मामीनं तसं कंसात लिहिलं होतं.

घोडा पटाच्या मध्यावर असला तर त्याला आठ घरं असतात. कोपऱ्यात दोन. दूरवर एकटा गेलेला घोडा समोरच्याला घाबरवतो तो फक्त समोरचा घाबरणार असेल तर. नाहीतर एकेक साधं प्यादं त्याला हाकलत राहतं आणि प्रत्येक हाकलण्याबरोबर समोरच्याचं सैन्य एक पाऊल पुढे येतं. हे कुठल्याही नवशिक्याला सांगतात. मामाला मी सांगितलं.

"तुझ्या त्या उंटाला काय आहे?" तो म्हणाला. "एक खाच आणि टोकाला मणी. यंत्रावरचा माल. तो तिरका चालणार, ते सगळ्यांना आधीच माहीत. घोड्याचं तसं नसतं."

म्हणजे कुठे घोडं पेंड खात होतं ते कळलं. त्याला डाव जिंकायचा नव्हताच. त्याला स्वतःचा माल मिरवायचा होता, आणि कातारीकाकांचा माल मागे उभा करून ठेवायचा होता. तरीही तो जिंकत होता, हा त्या पटाभोवतीच्या लोकांचा दोष.

माझी आकडेवारी मी कातारीकाकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, वहीकडे पाहिलं आणि परत दिली.

"सात बरोबर आहे," ते म्हणाले.

"तुम्ही कधी मोजलं?"

"मोजलं नाही. पहिल्या डावानंतर संच मेण लावायला माझ्याकडे येतो. ज्याला हात लागला त्याची चकाकी जाते. पांढरे घोडे येतात पार मळून. पांढरे उंट मी दिले तसे परत येतात. राजासमोरचं प्यादं मळतं, बाकीची सात प्यादी कोरी." त्यांनी एक उंट उचलून ट्यूबखाली फिरवला. "बावीस वर्षं हेच. मालक वजिरासमोरचं प्यादं हलवत नाहीत, बाळ. कधीच नाही."

"मग तुम्ही खेळत का नाही?"

"मालकाला हरवून दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच कामाला यायचं?"

हे उत्तर इतकं रास्त होतं की मी वही मिटली.

पुढच्या मंगळवारी एक गोष्ट घडली, आणि ती फक्त मी पाहिली. कातारीकाकांनी लेथ बंद केला, मोजायला लागले, आणि मामानं खिडकीजवळून हाक मारली, की काळा वजीर कुठे ठेवलास. त्यांनी उत्तर दिलं. मग हात पुढे केला. चक थांबलेला दिसत होता. मी ओरडले. हात मागे गेला, पण जबड्याला बाहीचं टोक लागलंच. मनगटाजवळून टरकन फाटलं आणि चकाभोवती गुंडाळलं गेलं. चक त्यानंतर थांबला, खरोखरचा.

"काय झालं?" मामा न वळता म्हणाला.

"काही नाही," कातारीकाका म्हणाले. ते चकाकडे बघत उभे होते. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "शनिवारी ती दुकानवाली बाई येणार आहे ना?"

दुकानवाल्या बाईंचं शहरात खेळांच्या वस्तूंचं मोठं दुकान होतं. त्या स्वतः संच पाहायला येणार म्हणून मामानं चार दिवस घोड्यांच्या आयाळीवर घालवले. शनिवारी सकाळी त्या आल्या. उंच, घाईत, पर्स काखेत घट्ट धरलेली. मामानं पट मांडला, त्यांना खुर्ची दिली आणि पाण्याच्या जारवाल्याला हाक मारली.

"आज मी बसतो, मालक," कातारीकाका म्हणाले.

मामानं त्यांच्याकडे असं पाहिलं जणू हातोड्यानंच बोलायला सुरुवात केली होती. मग हसला. "बस की. बाई, हा आमचा कातारी. बाकीचे मोहरे हाच करतो."

"बाकीचे म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"घोडे सोडून."

"म्हणजे जवळजवळ सगळेच."

"संख्येनं," मामा म्हणाला.

कातारीकाका ॲप्रन न काढताच बसले. त्यांच्या खिशात काहीतरी जड होतं; खुर्चीला लागून टण्ण वाजलं. मी वही घेऊन बाजूला उभी राहिले. मामी सरसाचा ब्रश हातात धरून आली.

"मला हरवेल त्याला ही खिडकी," मामा बाईंकडे बघून म्हणाला. "आमच्याकडे रीत आहे."

"खरंच?" बाई म्हणाल्या.

"घोडामैदान जवळच आहे," मामी म्हणाली.

मामानं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. कातारीकाकांनी तेच प्यादं एक घर. मामाचा उजवा घोडा बाहेर आला. कातारीकाकांनी उंट तिरका बाहेर काढून पटाच्या मध्याजवळ ठेवला, तिथून त्याची नजर थेट मामाच्या राजाच्या शेजारच्या प्याद्यावर जात होती. खरं तर हा उंट तिथे टिकायला नको होता. वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे आलं असतं तर त्याला पळावं लागलं असतं. मामानं डावा घोडा काढला.

"बघा, बाई, मानेचा बाक बघा. प्रत्येकाचा वेगळा."

"वजनात पण," मी म्हणाले.

कातारीकाकांनी एक घोडा राजाच्या पुढ्यात आणला. मामानं उजवा घोडा उडवून थेट पटाच्या मध्यावर रोवला. कातारीकाकांनी आपला घोडा बाजूला नेऊन त्याच्यावर रोखला. तू मला मार, मी तुला मारतो, असा साधा सरळ प्रस्ताव.

मामानं ओठ मुडपले. "दोन्ही माझेच हातचे. आत्ताच मारामारी केली तर बाई बघणार काय?" आणि त्यानं घोडा मारायच्या ऐवजी मागे डावीकडे काढून घेतला. चौथ्या चालीत पुढे, पाचव्यात मागे.

कातारीकाकांनी कडेचं एक प्यादं एक घर सरकवलं. अशी चाल माणूस वाट बघताना करतो. मामाला ती चाल भित्री वाटली.

"घाबरला," तो बाईंना म्हणाला. "घोड्याचं असंच असतं. कुठून येईल सांगता येत नाही." आणि डावा घोडा पुढे उडाला, काळ्यांच्या हद्दीला भिडला.

तेव्हा कातारीकाकांनी वजीर उचलला. मोकळ्या झालेल्या तिरक्या रेषेवरून तो पट ओलांडून कडेला गेला. त्यांच्या हाताचं अर्धं बोट वजिराच्या मुकुटावर क्षणभर राहिलं. मी वहीत चाल लिहिली आणि पेन्सिल थांबली. आता वजीर आणि तो जुना उंट, दोघंही एकाच प्याद्याकडे बघत होते, आणि त्या प्याद्याला राखायला राजाशिवाय कुणी नव्हतं. मला दिसलं. मामीला दिसलं; तिचा ब्रश हवेत थांबला. बाईंनाही दिसलं असावं, कारण त्यांनी पर्स मांडीवर ठेवली.

मामाला दिसलं ते वेगळंच. वजीर उठल्यामुळे त्याच्या घोड्याला एक घर मोकळं झालं होतं, जिथून एकाच वेळी राजाला शह आणि कोपऱ्यातल्या हत्तीवर मार.

"हे बघा," तो म्हणाला, आणि आवाज अगदी मऊ झाला. "हे फक्त घोड्यालाच जमतं. एका उडीत दोघांच्या मानेवर. शह."

कातारीकाकांनी राजा एक घर बाजूला घेतला.

इथे मामाला थांबायला तीन-चार कारणं होती. वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे केलं असतं तर उंटाची वाट बंद झाली असती. स्वतःचा वजीर एक घर पुढे घेतला असता तरी चाललं असतं. इतकंच काय, त्याच्या दुसऱ्या लाडक्या घोड्यानंसुद्धा मध्ये येऊन राजाला वाचवलं असतं. पण एका घोड्यासमोर हत्ती वाढून ठेवलेला असताना मामाला पटाचा उरलेला भाग दिसणं बंद होतं. त्यानं घोडा उचलला, काळा हत्ती पटाबाहेर काढला आणि घोडा कोपऱ्यात ठेवला. तिथून त्याला परतायला दोन घरं होती. एकावर राजा टपलेला, दुसऱ्यावर प्यादं.

"आला का हत्ती खाली?" मामा म्हणाला. "लेथवरचा."

कातारीकाकांनी वजिरानं प्यादं मारलं आणि वजीर मामाच्या राजाला चिकटून ठेवला. मागे उंट.

"मात, मालक."

मामानं राजाच्या एका बाजूला बोट ठेवलं, मग दुसऱ्या बाजूला. उजवीकडे स्वतःचा उंट, जो जन्मापासून तिथेच होता. डावीकडे स्वतःचा वजीर, तोही तसाच. त्याच्या आठ चालींपैकी सात घोड्यांच्या होत्या. एक घोडा शत्रूच्या कोपऱ्यात हत्ती खाऊन सुस्त, दुसरा पटाच्या मध्ये विनाकारण सुंदर. घरात पेटलेलं असताना दोघंही परगावी.

"हा तपासणीचा डाव होता," अखेर मामा म्हणाला. "बनात बघायला. मी बाईंना मोहरे दाखवत होतो."

"दिसले," बाई म्हणाल्या. "तो उंट फार चांगला आहे."

"आणि खिडकी वगैरे बोलण्याची एक पद्धत असते. शिवाय लेथ जमिनीत बसवलेला आहे. तो काय पाट आहे, उचलला आणि मांडला? एक आठवडा जाईल. वायरिंग आहे."

"बोल्ट चार आहेत," कातारीकाका म्हणाले. "वायर खिडकीखालच्या पेटीपर्यंत आहेच. तुमच्या दिव्याला घेतली होती ती. दोन तास." त्यांनी ॲप्रनच्या खिशातून पाना काढून पटाशेजारी ठेवला. सतरा नंबरचा. बोल्टही सतराचेच होते, मी नंतर मोजले.

मामानं पान्याकडे पाहिलं. "खिशात घेऊन बसला होतास?"

"हो, मालक."

"म्हणजे ठरवून आला होतास."

"बावीस वर्षं तूच सांगतोयस ना, हरवेल त्याला खिडकी," मामी म्हणाली. "मी दर वेळी ऐकते. वहीत लिहू का की आज तू नाही म्हणालास? बाईंची सही घेते साक्षीला."

बाईंनी खरंच पेन काढलं. त्या घाईत होत्या, पण या गोष्टीसाठी त्यांना वेळ होता असं दिसलं. मामा उठला. त्यानं आपल्या कोरायच्या पटाश्या एकेक करून फडक्यात गुंडाळल्या, फार हळू, म्हणजे कुणीतरी मध्ये पडून थांबवेल. कुणी थांबवलं नाही. जारवाला तर टेबलाचं एक टोक धरायला पुढे आला.

हरणाऱ्यानं शेरा लिहायचा, म्हणून मी वही त्याच्यापुढे धरली. त्यानं लिहिलं: संच चांगला. घोडे उत्तम चालले. आणि सही केली. मी त्याखाली काही लिहिलं नाही. चाली वर लिहिलेल्या होत्याच.

बोल्ट निघायला दीड तास लागला, बसायला चाळीस मिनिटं. संध्याकाळपर्यंत लेथ खिडकीशी होता. कातारीकाकांनी तो सुरू केला, आणि चक जसा फिरत होता तसाच दिसला: एक राखाडी, धूसर वर्तुळ. बंद केल्यावर वर्तुळ हळूहळू चार जबडे झालं. ते बघून मी दोनदा पुन्हा सुरू करायला लावलं.

सोमवारी मामा कोपऱ्यात ट्यूबखाली बसला होता. माझा दिवा मी त्यालाच राहू दिला होता, पण तो त्यानं रुसून लावला नव्हता. तो घोड्याचा कान कोरत होता. पटाशी थांबे, तो डोळे चोळे, घोडा ट्यूबकडे वळवे, पुन्हा टेबलाकडे. मग पटाशी जरा जास्त गेली आणि कान टेबलावर पडला.

"इथे काही दिसत नाही," तो खोलीला उद्देशून म्हणाला. "नजर ठरतच नाही."

कातारीकाकांनी लेथ बंद केला आणि लगेच हात पुढे करून एक नवा उंट चकातून सोडवला. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला, खाच तपासली, आणि न वळता म्हणाले,

"दहापर्यंत मोजा, मालक. सवय होते."